रुळावर गाडी आहे असं समजून

रेल्वे सिग्नलिंगवरच्या पुस्तकांत सगळं सुरळीत कसं चालतं ते आधी सविस्तर सांगितलेलं असतं आणि बिघाड शेवटच्या दोन-चार पानांत उरकलेले असतात. या पुस्तिकेत क्रम उलटा आहे. इथे पहिल्याच पानावर ट्रॅक सर्किट फेल आहे, सिग्नल लाल अडकला आहे आणि चालकाचा फोन वाजतो आहे. हा उलटा क्रम का घेतला ते सांगताना प्रस्तावना जरा लांबली आहे.

पुस्तिका आहे ‘सिमसिग’वर सिग्नलमनचं काम करून बघणाऱ्यांसाठी. सिमसिग ही ब्रिटनमध्ये तयार झालेली संगणकप्रणाली. तिच्यातले रूळ तिथले, वेळापत्रकं तिथली आणि नियमही तिथलेच. ब्रिटनच्या सिग्नलिंग केंद्रांत कर्मचाऱ्यांसमोर जो पडदा असतो तो घरच्या संगणकावर उभा राहतो. काळ्या पार्श्वभूमीवर राखाडी रेषा म्हणजे रूळ. एका सिग्नलवर टिचकी मारायची, मग पुढच्या सिग्नलवर. मधले सगळे पॉइंट योग्य बाजूला वळतात, कुलूपबंद होतात आणि लागलेला रूट पांढरा दिसू लागतो. गाडी त्या तुकड्यावर आली की तो लाल होतो. गाडीचा चार अक्षरी क्रमांक सिग्नलजवळच्या चौकटीत असतो आणि गाडीबरोबर चौकटीमागून चौकट पुढे सरकतो. ट्रेन सिम्युलेटर म्हटलं की इंजिनाच्या काचेतून दिसणारे बोगदे आणि पूल डोळ्यांसमोर येणाऱ्यांचा इथे पार विरस होतो. इथे गाडी दिसतच नाही. पण मोठ्या केंद्रात बसलेल्या खऱ्या सिग्नलमनलाही ती दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की अमुक तुकड्यातला रिले पडला आहे.

सिम्युलेशन सुरू करताना बिघाड किती असावेत हे ठरवता येतं. बरेच जण ते शून्यावर ठेवतात आणि वर्षानुवर्षं तिथेच ठेवतात. त्यात गैर काही नाही, पण मग उरतं ते वेळापत्रक जुळवण्याचं काम. ते कौशल्याचं असलं तरी त्याला सिग्नलिंग म्हणायला माझं मन धजत नाही. गाड्या एकमेकींवर आदळू न देणं हे सिग्नलिंगचं मूळ काम, आणि यंत्रणा धडधाकट असताना ते काम इंटरलॉकिंग, म्हणजे धोक्याचा रूट लागूच न देणारी कुलूपव्यवस्था, करतं. माणसाकडे ते येतं यंत्रणा बिघडल्यावर.

ट्रॅक सर्किटची रचना सोपी आहे. रुळांचा एक तुकडा दोन्ही टोकांना इन्सुलेटेड जॉइंट देऊन शेजारच्या तुकड्यांपासून विजेच्या दृष्टीने वेगळा करायचा. एका टोकाला विजेचा पुरवठा, दुसऱ्या टोकाला रिले. एका रुळातून गेलेला प्रवाह रिलेतून फिरून दुसऱ्या रुळाने परत येतो आणि रिले उचललेला राहतो. गाडीची चाकं आली की आस दोन्ही रुळांना जोडतो, प्रवाह जवळच्या वाटेने परततो, रिलेपर्यंत पुरेसा पोचत नाही आणि रिले पडतो. सिग्नल लाल.

हे असंच का, याला एक इतिहास आहे. अमेरिकन संशोधक विल्यम रॉबिन्सन याने १८७० मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या किंझुआ इथे जी यंत्रणा बसवली तिची तऱ्हा वेगळी होती. गाडी आली की सर्किट जुळायचं आणि सिग्नल धोका दाखवायचा. दिसायला तर्कशुद्ध, पण तार तुटली किंवा बॅटरी उतरली तर गाडी असूनही सिग्नलला पत्ता लागत नसे. रॉबिन्सनने विचार उलटा केला. १८७२ मध्ये त्याने पेटंट घेतलं ते बंद सर्किटचं: प्रवाह सतत वाहता ठेवायचा आणि तो थांबला की धोका समजायचा. गस्तवाल्याची हाळी ऐकू येते आहे तोवर गाव निवांत झोपतं, आणि हाळी थांबली की जागं होतं. गस्तवाला डुलकी घेत असेल किंवा त्याला कुणी गाठलं असेल, जागं व्हायचं ते दोन्ही वेळा. तार तुटो, पुरवठा जावो, रूळ तडको, जॉइंटवर लोखंडाचा तुकडा आडवा पडो, पाणी साचो, रिले पडतो आणि पडद्यावर लाल पट्टा उमटतो. गाडी आल्यावर उमटतो अगदी तसाच.

या पुस्तिकेचा सगळा गाभा या ‘अगदी तसाच’मध्ये आहे. लाल पट्टा ‘गाडी आहे’ असं सांगत नाही. ‘गाडी नाही याची खात्री मला देता येत नाही’ एवढंच तो सांगतो. हा फरक एका वाक्यात समजतो, अंगवळणी पडायला मात्र पुष्कळ वेळ लागतो. चौकटीत गाडीचा क्रमांक नाही, वेळापत्रकात या वेळी इथे कोणतीही गाडी नाही, मागची गाडी पुढच्या स्टेशनात पोचलेली दिसते आहे. तेव्हा हा नक्की बिघाडच, असं नवखा सहज धरून चालतो. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण पुढे गेलेल्या मालगाडीचे मागचे चार डबे तुटून तिथे राहिले असतील तर? तडकलेला रूळ असेल तर? त्यामुळे ब्रिटिश पद्धतीत अशा तुकड्यात सोडलेल्या पहिल्या गाडीच्या चालकाला रूळ तपासत जायला सांगतात. तो पलीकडे पोचून ‘काही आढळलं नाही’ असं कळवेपर्यंत तो तुकडा व्यापलेलाच धरायचा.

ट्रॅक सर्किट आलं ते माणसाच्या स्मरणशक्तीवरचा भार कमी करायला. २४ डिसेंबर १९१० च्या पहाटे उत्तर इंग्लंडमधल्या हॉज जंक्शनच्या सिग्नलमनने दोन सुटी इंजिनं पुढच्या सिग्नलशी नेऊन उभी केली, आणि कामाच्या धबडग्यात ती विसरला. मग त्याने लंडनहून ग्लासगोला जाणाऱ्या एक्स्प्रेसला सिग्नल दिले. आपल्यालाच सिग्नल मिळाला असं समजून ती इंजिनंही निघाली आणि मागून एक्स्प्रेसने त्यांना गाठलं. बारा जण गेले. इंजिनं उभी होती तिथे ट्रॅक सर्किट असतं तर सिग्नलची कळ हललीच नसती, हे चौकशीत स्पष्ट झालं आणि मिडलंड रेल्वेने मग ठिकठिकाणी ट्रॅक सर्किट बसवायला घेतली. तरी सुमारे साडेचार वर्षांनी, २२ मे १९१५ रोजी, स्कॉटलंडमधल्या क्विंटिन्सहिलला तेच घडलं. कॅबिनच्या अगदी समोर उभी असलेली लोकल सिग्नलमन विसरला. ज्या लोकलने तो स्वतः कामावर आला होता तीच. तिच्यावर सैनिकांची खास गाडी आदळली, त्या ढिगाऱ्यात एक्स्प्रेस घुसली, आग लागली. दोनशेहून अधिक माणसं दगावली. ब्रिटनच्या रेल्वे इतिहासात इतके बळी दुसऱ्या कुठल्या अपघातात गेलेले नाहीत. कळीवर अडकवायची साधी लोखंडी कडी, म्हणजे ‘इथे गाडी उभी आहे’ याची खूण, तीसुद्धा त्या सकाळी लावलेली नव्हती.

म्हणजे ट्रॅक सर्किट फेल होतं तेव्हा त्या तुकड्यापुरते आपण १९१० मध्ये परत जातो. यंत्राची आठवण गेली. आता तिथे काय आहे ते आपण लक्षात ठेवायचं. सिमसिगमध्येही सिग्नलवर स्मरणखूण लावायची सोय आहे. बिघाड कळल्यावर पहिलं काम ती लावणं, असं या पुस्तिकेत पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. अनुभवी खेळाडूंना ते पाल्हाळ वाटेल. वाटू द्या.

प्रत्यक्ष हाताळणीतल्या खुब्या पुढच्या प्रकरणांत आहेत, पण नवख्याला हमखास चकवणाऱ्या दोन-तीन गोष्टी इथेच सांगतो.

पहिली ओव्हरलॅपची. सिग्नलपासून पुढच्या सिग्नलपर्यंत सगळं राखाडी आहे, तरीही सिग्नल हिरवा होत नाही. कारण लाल पट्टा आहे तो पुढच्या सिग्नलच्याही पलीकडे. चालकाचा ब्रेक जरा उशिरा लागला तर गाडी सिग्नल ओलांडून थोडी पुढे जाईल, म्हणून तेवढी जागा मोकळी लागते. ब्रिटनमध्ये ती साधारण १८० मीटर धरतात, आपल्याकडे रंगीत दिव्यांच्या स्टॉप सिग्नलला १२० मीटर. बिघाड त्या जागेत असेल तर मागचा सिग्नल अडतो. एक बिघडलेला तुकडा दोन सिग्नल कसे अडवतो हे कळायला पडद्याकडे बघत थोडं डोकं खाजवावं लागतं.

दुसरी पॉइंटची. पॉइंटच्या तुकड्यावर गाडी असताना पॉइंट हलता कामा नये, त्यामुळे तिथलं ट्रॅक सर्किट पडलं की पॉइंट आहे त्या स्थितीत जखडतो. तो नशिबाने हव्या त्या बाजूला असेल तर लाल सिग्नलवरून गाडी बोलावून घेता येते. उलट्या बाजूला असेल तर पडद्यावरून काहीच करता येत नाही. खऱ्या रुळांवर अशा वेळी माणूस पाठवतात. तो हँडलने पॉइंट फिरवतो, पट्टी रुळाला आवळून घट्ट बसवतो आणि कळवतो. आपल्याकडेही क्रँक हँडल, क्लॅम्प आणि कुलूप हीच सामग्री. सिम्युलेशनमध्ये काही बिघाड उघडझाप करणारे असतात: पट्टा लाल होतो, जातो, पुन्हा येतो. मुरलेला खेळाडू अशा वेळी टपून बसतो, पट्टा गेला त्या क्षणी पॉइंट जास्त गाड्यांच्या उपयोगाच्या बाजूला वळवतो आणि तिथेच कुलूपबंद करतो. युक्ती झकास आहे, पण ती वापरण्याआधी त्या तुकड्यावर खरोखर गाडी नाही हे ठरवलेलं असलं पाहिजे. उघडझाप करणारा पट्टा म्हणजे रुळाशी धड संपर्क न होणारी गाडीही असू शकते.

तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण खेळ तिथेच विस्कटतो. गाडी लाल सिग्नलवरून पुढे बोलावली की तिचा क्रमांक पुढच्या चौकटीत आपोआप सरकेलच असं नाही. तो हाताने टाकावा लागतो. शिवाय रूट क्रमाक्रमाने सुटायला हवा तो बिघडलेल्या तुकड्यापाशी अडकून पांढराच राहतो. अशा दोन-तीन गाड्या झाल्या की कोणती गाडी कुठे आहे याचा हिशेब पडदा ठेवत नाही, कागद-पेन्सिल ठेवते. मार्गात फाटक असेल तर ते बंद आहे याची खात्रीही त्याच हिशेबात धरायची.

फोनवरच्या बोलण्याला एक वेगळं प्रकरण दिलं आहे. सिमसिगमधला चालक फोन करून सांगतो की मी अमुक सिग्नलला उभा आहे, आणि समोर तयार उत्तरं येतात: थांबा आणि पुन्हा फोन करा, सिग्नल लाल असताना ओलांडून पुढे जा, रूळ तपासत जा. तिथे फक्त टिचकी मारायची असते. खऱ्या रेल्वेत तो संवाद शब्दाला शब्द जुळवून होतो: कोणत्या क्रमांकाचा सिग्नल, कोणती गाडी, कुठपर्यंत जायचं, कसं जायचं. चालक ते सगळं परत म्हणून दाखवतो. टिचकीआधी ही वाक्यं मोठ्याने म्हणा, असा माझा आग्रह आहे. घरातले हसतील, पण वाक्य तोंडाने म्हणताना आपण कुठपर्यंत परवानगी देतो आहोत ते ध्यानात येतं, आणि दहातल्या एखाद्या वेळी टिचकी थांबते.

हे सगळं कागदोपत्रीच राहिलं तर काय होतं, याचं उदाहरण शोधायला ब्रिटनला जायची गरज नाही. १७ जून २०२४ च्या सकाळी उत्तर बंगालमध्ये रंगापानी आणि चत्तरहाट या स्टेशनांदरम्यान स्वयंचलित सिग्नल पहाटेपासून बंद पडले होते. लाल सिग्नल ओलांडण्यासाठी चालकांना टीए ९१२ हा लेखी परवाना दिला जात होता. कांचनजंगा एक्स्प्रेस अशा परवान्यावर सावकाश चालली असताना मागून तसाच परवाना घेऊन आलेली मालगाडी तिच्यावर आदळली. मालगाडीचा चालक आणि एक्स्प्रेसचा गार्ड दोघेही गेले, प्रवासीही गेले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सिग्नल बिघडल्यापासून त्या सेक्शनमध्ये सात गाड्या गेल्या, सगळ्यांकडे सारखाच परवाना होता, आणि ताशी १५ किलोमीटरच्या आत राहून प्रत्येक बिघडलेल्या सिग्नलला मिनिटभर थांबणारी गाडी त्यांतली एकच, कांचनजंगा. दिलेला परवाना त्या परिस्थितीसाठी चुकीचा होता आणि त्यावर वेगाचा उल्लेखही नव्हता, असं आयुक्तांनी नोंदवलं. प्रशिक्षणातल्या उणिवांवरही बोट ठेवलं.

एका चालकाच्या माथी सगळं मारून मोकळं होणं सोपं आहे. पण सातपैकी सहा गाड्या नियमाबाहेर चालल्या असतील तर तो नियम लोकांच्या हातात बसलेलाच नव्हता असं म्हणावं लागतं. बिघाडाचे नियम नोकरीत वारंवार लागत नाहीत, आणि लागतात तेव्हा ते वाचायला वेळ नसतो. सराव करायचा तर तो खोट्या रुळांवरच करता येतो. स्टेशन मास्तर आणि गार्ड जिथे शिकतात त्या भुसावळच्या झोनल रेल्वे ट्रेनिंग इन्स्टिट्यूटसारख्या संस्था किंवा सिग्नल खात्याच्या लोकांसाठीची सिकंदराबादची ‘इरिसेट’ याच कामासाठी आहेत. घरच्या संगणकावरचा खेळ त्यांची जागा घेऊ शकत नाही आणि ही पुस्तिका वाचून कुणी सिग्नलमन होणार नाही. मात्र मुंबईकर प्रवाशाला तिचा एक उपयोग नक्की होईल. मुसळधार पावसात रुळांवर पाणी चढतं, एका रुळातून दुसऱ्या रुळात प्रवाह पाण्यातून आणि भिजलेल्या खडीतून झिरपतो, रिले पडतात, आणि गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये उभी राहते. मग ‘सिग्नल यंत्रणेतील बिघाडामुळे’ अशी घोषणा होते. स्वयंचलित सिग्नलच्या मार्गावर चालक दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं लाल सिग्नलला थांबतो आणि मग अगदी जपून पुढे सरकतो. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. डब्यात घामाघूम उभं राहून ‘हा चालवत का नाही’ असं म्हणणाऱ्याला त्या सरकण्यामागचं कारण ठाऊक असलेलं बरं.

आता सिम्युलेशनच्या मर्यादेबद्दल. सिमसिगमध्ये सहसा भेटतात ते सुरक्षित बाजूचे बिघाड: गाडी नसताना पट्टा लाल. उलटा बिघाड, म्हणजे गाडी असताना पट्टा राखाडी, खेळात घालणं अवघड आहे आणि खेळणाऱ्याला त्यावर करण्यासारखं काही नसतं. प्रत्यक्षात तो घडलेला आहे. १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ, काढून टाकायला हवी होती अशी एक जुनी तार जागेवरच राहिली आणि रिलेला खोटा पुरवठा देत राहिली. समोर गाडी उभी असताना सिग्नल लाल झाला नाही. ३५ माणसं मेली. ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला आधीच्या तेरा आठवड्यांत एकच दिवस सुटी मिळाली होती, हे चौकशीत बाहेर आलं. २२ जून २००९ ला वॉशिंग्टन मेट्रोवर फोर्ट टॉटनजवळ ट्रॅक सर्किटने उभी गाडी ओळखलीच नाही, आणि मागची गाडी तिच्यावर जाऊन आदळली. नऊ जण दगावले. कारण नेहमी इतकं गुंतागुंतीचं असतंच असं नाही. रूळ गंजले, पानं चेचून त्यांचा थर बसला, की चाक आणि रूळ यांच्यात वीज नीट जात नाही. ब्रिटनमध्ये हलक्या डिझेल गाड्या आल्या तेव्हा हा त्रास वाढला. त्यांना डिस्क ब्रेक होते, त्यामुळे जुन्या ब्रेकच्या ठोकळ्यांनी घासून चाकाचा जो पृष्ठभाग आपोआप स्वच्छ व्हायचा तो होईना. शेवटी थर भेदणारा प्रवाह रुळात सोडणारं उपकरण गाड्यांनाच बसवावं लागलं. हा भाग पुस्तिकेत वाचण्यापुरता आहे, सरावासाठी नाही.

सरावाची सुरुवात लहान जागेपासून करावी. केंब्रिजच्या वाटेवरच्या रॉयस्टनचं सिम्युलेशन त्याला चांगलं आहे. गाड्या बेताच्या, पॉइंट थोडे, फाटकं मात्र आहेत. बिघाड एकदम वर चढवू नयेत. मोठ्या टर्मिनसच्या तोंडाशी, जिथे सहा फलाट दोन-तीन पॉइंटांवर तोललेले असतात, तिथे एक ट्रॅक सर्किट गेलं की तासभरात सगळा पडदा गोठतो, आणि त्यातून शिकायला मिळतं ते एवढंच की पडदा गोठला. त्यापेक्षा आडमार्गावरचा एक बिघाड तीन-चार गाड्यांपुरता नीट हाताळणं बरं: स्मरणखूण, फोन, तपासणारी पहिली गाडी, तिचा निरोप, मग दुसरी. निरोप येण्याआधी दुसरी गाडी सोडायचा मोह प्रत्येकाला होतो, कारण खेळ उशिराचे गुण कापतो. तेवढे गुण खुशाल जाऊ द्यावेत.

ॲक्सल काउंटरवर स्वतंत्र प्रकरण नाही, याबद्दल काही वाचक नाराज होतील. ब्रिटनमध्ये आणि भारतातही अनेक मार्गांवर ट्रॅक सर्किटची जागा आता त्यांनी घेतली आहे. तुकड्याच्या एका टोकाला आत गेलेली चाकं मोजायची, दुसऱ्या टोकाला बाहेर पडलेली, आणि वजाबाकी शून्य आली की मोकळं. पाणी, गंज, पानं यांचा त्यांना फारसा उपद्रव नाही. पण त्यांचा बिघाड वेगळ्याच जातीचा आहे. वीज जाऊन आली किंवा एखादं चाक मोजायचं राहिलं, की यंत्र अडून बसतं. ट्रॅक सर्किट दुरुस्त झालं की स्वतःहून खरं सांगू लागतं. काउंटरला मात्र माणसाने ‘आत काही नाही, शून्यापासून मोज’ असं सांगावं लागतं. हे सांगण्याआधी आत खरोखर काही नाही हे कुणी, कसं आणि कुठल्या गाडीने बघायचं, हा सगळा विचार ट्रॅक सर्किटच्या बिघाडातूनच शिकायचा असतो. म्हणून ॲक्सल काउंटरचं प्रकरण ट्रॅक सर्किट पुरतं हातात बसल्यावर, पुढच्या पुस्तिकेत.